देवराईचे धन पायाखाली

(कार्यकर्त्यांच्या पर्यावरण अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



पर्यावरणाच्या विषयावर वक्ता उभा राहिला की श्रोत्यांच्या मनात दोन अपेक्षा असतात. तो वृक्षारोपणाचे आवाहन करील आणि आपल्या पूर्वजांच्या निसर्गप्रेमाचा गौरव करील. दोन्ही गोष्टी योग्यच आहेत. परंतु आज मी आपली दृष्टी झाडाच्या शेंड्याकडून त्याच्या बुंध्याशी, जमिनीवर पडलेल्या पानांकडे नेणार आहे. ज्याला आपण पालापाचोळा म्हणतो, कोकणात ज्याला पातेरा म्हणतात, तो आजचा विषय आहे.

हा विषय निवडण्यामागे एक कारण आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ग्रामदेवतांच्या मंदिरांचे जीर्णोद्धार मोठ्या संख्येने झाले. मुंबई-पुण्यात स्थिरावलेली मंडळी गावाकडे वळली, देवासाठी त्यांनी मुक्तहस्ते खर्च केला. समाजाच्या श्रद्धेचे हे जागरण आनंददायी आहे. मात्र याच काळात अनेक ठिकाणी मंदिराभोवतीची देवराई 'स्वच्छ' झाली. पाने झाडली गेली, ढीग करून जाळली गेली, वेली तोडल्या गेल्या, जमिनीवर फरशी आली. हे करणारे कोणी धर्मद्वेष्टे नव्हते. आपलीच माणसे होती, आणि त्यांचा हेतूही चांगला होता. म्हणूनच हा विषय आपल्या घरात बोलणे आवश्यक आहे.

झाडाचा जमाखर्च

घनदाट, हिरवेगार जंगल पाहिले की खालची माती अत्यंत सुपीक असणार, असे आपण गृहीत धरतो. उष्ण कटिबंधातील बहुतेक जंगलांच्या बाबतीत हा समज चुकीचा ठरतो. कोकणातील जांभ्या जमिनीचेच पाहा. हजारो वर्षांच्या मुसळधार पावसाने तिच्यातील विद्राव्य क्षार वाहून गेले आहेत. लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे तेवढी शिल्लक आहेत, आणि ती स्फुरदाला असे घट्ट धरून ठेवतात की झाडाच्या मुळांना ते सहजासहजी मिळत नाही. अशा जमिनीवर ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, हिरडा आणि सातवीण यांचे शंभर-शंभर वर्षांचे वृक्ष उभे राहतात कसे?

उत्तर असे की हे जंगल मातीच्या ठेवीवर फारसे जगत नाही, ते फिरत्या भांडवलावर जगते. नत्र, स्फुरद, पालाश, चुना ही पोषकद्रव्ये पानांत, लाकडात आणि मातीच्या वरच्या काही बोटांच्या थरात असतात. पान जुने झाले की झाड प्रथम त्यातील नत्र आणि स्फुरद यांचा जवळपास निम्मा भाग परत ओढून घेते. हा त्याचा काटकसरी स्वभाव. उरलेला भाग घेऊन पान गळते. जमिनीवर ते कुजते, त्यातील द्रव्ये सुटी होतात आणि मुळे ती पुन्हा वर नेतात. पान, माती, मूळ आणि पुन्हा पान असे हे रहाट अखंड चालते. त्यात बाहेरून भर फार थोडी पडते.

या रहाटाचा आकार किती, याचा अंदाज घेऊ. उष्ण कटिबंधातील जंगलात दरवर्षी एका हेक्टरवर, म्हणजे अडीच एकरांवर, साधारण ५ ते १२ टन वाळलेला पाचोळा पडतो. आपण ८ टन धरू आणि त्यात नत्राचे प्रमाण केवळ १ टक्का मानू. तरी ८० किलो नत्र झाले. तेवढे नत्र बाजारातून आणायचे तर युरियाच्या ४५ किलोच्या सुमारे चार गोण्या लागतील. शिवाय स्फुरद, पालाश आणि चुना वेगळे. हे सर्व दरवर्षी, कोणाच्याही अनुदानाशिवाय, देवाच्या रानात आपोआप जमा होते. आपण ते जाळतो, तेव्हा प्रत्यक्षात काय जाळतो याची कल्पना यावी म्हणून हा हिशेब.

पान आपोआप कुजत नाही. त्यामागे एक मोठी सेना राबते. वाळवी आणि पैसा किडा पानाचे तुकडे करतात. गांडुळे ते मातीत ओढून नेतात. डोळ्यांना जेमतेम दिसणारे असंख्य कीटक ते आणखी बारीक करतात. बुरशी आणि जिवाणू शेवटचे काम करतात. काही बुरशी तर झाडांच्या मुळांशीच सहजीवन करतात. त्या मुळांना दूरवरचे स्फुरद आणून देतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. १९७८ साली व्हेनेझुएलातील ॲमेझॉन खोऱ्यात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. तेथील जंगलात जमिनीवर मुळांची दाट चटई असते. तिच्यावर किरणोत्सारी खूण असलेले कॅल्शियम आणि स्फुरद शिंपडण्यात आले. त्यातील ९९.९ टक्के भाग चटईनेच धरून ठेवला. खाली झिरपला तो फक्त ०.१ टक्का. एवढी काटेकोर वसुली आपल्या कोणत्याही पतपेढीला साधलेली नाही!

पावसाशी जुळलेले वेळापत्रक

सह्याद्रीत या चक्राला एक विशेष शिस्त आहे. आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी तो पाच-सहा हजार मिलिमीटरपर्यंत जातो. सदाहरित झाडेही पाने गाळतात, फक्त एकदम उघडी पडत नाहीत. आणि त्यांची पानगळ प्रामुख्याने कोरड्या महिन्यांत होते. शिशिरापासून ग्रीष्मापर्यंत जमिनीवर पानांचा थर चढत जातो.

हा थर तीन कामे करतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तो मातीवर पांघरूण घालतो आणि तिच्यातील ओल व जीव टिकवतो. मृगाच्या पहिल्या सरी कोसळतात, तेव्हा थेंबांचा मार स्वतःवर घेतो, त्यामुळे माती वाहून जात नाही आणि पाणी सावकाश मुरते. आणि ओल मिळताच तो झपाट्याने कुजू लागतो. नेमक्या त्याच वेळी झाडांची बारीक मुळे वाढीला लागलेली असतात. अन्न सुटण्याची आणि भूक लागण्याची वेळ अशी जुळलेली आहे.

आता हा पाचोळा मार्च महिन्यात जाळला तर काय होते? नत्राचा मोठा भाग वायुरूपाने उडून जातो. पालाश आणि चुना राखेत उरतात. पण ती राख जूनच्या पहिल्याच मोठ्या सरीबरोबर उतारावरून ओढ्यात जाते. मुळे जागी होण्यापूर्वीच ताट रिकामे झालेले असते. पांघरूण गेल्यामुळे माती तापते, गांडुळे खोल जातात किंवा मरतात, आणि पाऊस उघड्या जमिनीवर आदळतो. एका वर्षाने झाड मरत नाही. म्हणून आपल्याला अपराधाची जाणीव होत नाही. पण दहा-पंधरा वर्षे असे झाले की शेंडे वाळू लागतात, नवी रोपे उगवत नाहीत, आणि मग 'देवाचा कोप झाला' असे आपण म्हणतो.

तुकड्याचे दुखणे

अखंड जंगलाला असा एखादा घाव सोसतो. तुटक्या जंगलाला सोसत नाही. आपल्या देवराया म्हणजे आज बहुतांशी जंगलाचे तुटक तुकडे आहेत. काही मोठ्या आहेत. पुष्कळशा दोन-चार एकरांच्या, काही तर अवघ्या काही गुंठ्यांच्या. सभोवती शेते, काजूच्या बागा, रबराची लागवड, रस्ते आणि आता बंगल्यांच्या वसाहती.

तुकडा लहान झाला की काय बिघडते, याचा जगातील सर्वांत दीर्घ अभ्यास ब्राझीलमधील मनाऊस शहराच्या उत्तरेस झाला. थॉमस लव्हजॉय या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने तो १९७९ मध्ये सुरू झाला. गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडले जात असताना १, १० आणि १०० हेक्टरांचे तुकडे मुद्दाम राखून ठेवण्यात आले आणि त्यांच्यातील बदल वर्षानुवर्षे मोजण्यात आले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कडेपासून १०० मीटरांच्या आतील काही पट्ट्यांत पहिल्या १० ते १७ वर्षांत वृक्षभाराची घट ३६ टक्क्यांपर्यंत झाली. मोठे वृक्ष वाऱ्याने आणि कोरडेपणाने कोसळले. शेणकिड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा लहान तुकड्यांत त्यांच्या जाती आणि संख्या कमी झालेल्या आढळल्या. त्यामुळे शेण-विष्ठा मातीत जिरण्याचे कामही मंदावले.

या सगळ्याचे मूळ कडेमध्ये आहे. कडेने ऊन आणि वारा आत शिरतो. तेथे झाडे अधिक पाने गाळतात, म्हणून पाचोळा पुष्कळ दिसतो; परंतु तो ओलसर राहत नाही. कुजवणाऱ्या जिवांना ओल हवी असते. ओल नसली की ते निघून जातात, आणि पाने नुसती साचून वाळतात. असा वाळका थर म्हणजे वणव्याला निमंत्रणच.

आता थोडे गणित करू. १०० मीटर रुंदीच्या पट्ट्यापर्यंत कडेचा परिणाम पोचतो असे धरा. १०० हेक्टरांच्या चौरस जंगलात गाभ्याला ६४ हेक्टर सुरक्षित राहतात. १० हेक्टरांच्या जंगलात गाभा उरतो जेमतेम १.३५ हेक्टर. आणि १ हेक्टराच्या देवराईत? शून्य. तिचा मध्यबिंदूसुद्धा कडेपासून ५० मीटरांवर असतो. म्हणजे आपली लहान देवराई ही सगळीच कड आहे. तिच्यातून मंदिराकडे गाडीरस्ता काढला की तिला आणखी दोन कडा मिळतात. ज्या रुग्णाची प्रकृती आधीच नाजूक, त्याच्याच अंगावरचे पांघरूण आपण काढून घेतो, असा हा प्रकार आहे.

पूर्वजांचा नियम आणि इंग्रजांची मोजपट्टी

ब्राझीलमध्ये हे ज्ञान प्रयोगातून मिळाले. आपल्याकडे त्याला अनुरूप असा आचार आधीपासून होता. पुणे-सातारा भागात देवराई, रत्नागिरीकडे देवरहाटी, गोव्यात राई. नावे वेगळी, नियम एकच. देवाच्या रानात कुऱ्हाड चालायची नाही. अनेक गावांत पडलेले लाकूड आणि वाळलेले पानही बाहेर न्यायचे नाही. फारच गरज पडली तर मानकऱ्यांनी जमून देवाला कौल लावायचा आणि कौल मिळाला तरच झाडाला हात लावायचा. पूर्वजांना नत्र-स्फुरदाचे कोष्टक ठाऊक होते, असा दावा करण्याचे कारण नाही, आणि तसा दावा करून आपण त्यांचा मान वाढवत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून त्यांनी असा नियम घातला की ज्याने हे चक्र अबाधित राहिले. हे त्यांचे थोरपण पुरेसे आहे.

त्यांनी शेतकऱ्याच्या गरजेकडेही दुर्लक्ष केले नाही. कोकणातील भातशेतीला राब लागतो. त्यासाठी पातेरा गोळा करावा लागतो, कवळ तोडावी लागते. हा पालापाचोळा वरकस जमिनीतून आणि मालकीच्या रानातून येत असे. देवाचे रान त्यातून वगळलेले होते. उपभोगाची जागा वेगळी आणि राखण्याची जागा वेगळी, असा हा विवेक होता. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातील भूमिसूक्तात पृथ्वीला माता म्हटले आहे. त्या भावनेचे ग्रामव्यवस्थेत उतरलेले रूप म्हणजे देवराई.

इंग्रजांनी १८६४ मध्ये वनखाते उभारले आणि १८७८ चा वनकायदा केला. त्यांच्या लेखी जंगल म्हणजे रेल्वेचे स्लीपर आणि जहाजांचे लाकूड. ज्याचा घनफुटात हिशेब होत नाही, ते निरुपयोगी. तरीही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे की वनखात्याचे पहिले प्रमुख डिट्रिच ब्रँडिस यांनी भारतातील देवरायांची आवर्जून नोंद घेतली होती. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची पद्धत विकसित केली. जंगल स्वतःच स्वतःला खत घालते, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते, आणि भारतीय शेतकऱ्याला त्यांनी आपला गुरू मानले. दुर्दैव असे की स्वातंत्र्यानंतर आपण हॉवर्ड विसरलो आणि इंग्रजांची मोजपट्टी तेवढी लक्षात ठेवली.

पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. त्यांच्या कामात श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावाची हकीकत येते. तेथील देवराई तोडण्याचे घाटत होते. गावाचा ओढा या रानामुळेच वाहता आहे, असे ग्रामस्थांचे म्हणणे होते. त्यांनी या अभ्यासकांची मदत मागितली आणि रान वाचले. पाचोळ्याचा थर पाणी मुरवतो आणि ओढा वाहता ठेवतो, हे त्या ग्रामस्थांना कोणी शिकवावे लागले नाही.

आपल्या हातून काय घडते आहे?

आज देवराईवर कुऱ्हाडीपेक्षा झाडूचे आणि काडेपेटीचे संकट मोठे आहे. २०१४ पासून देशात स्वच्छतेविषयी जी जाणीव निर्माण झाली, ती स्वागतार्ह आहे. परंतु अंगणाची स्वच्छता आणि रानाची स्वच्छता यांचे निकष एक नाहीत. रानात प्लास्टिकची पिशवी, थर्माकोलची ताटली, काचेची बाटली हा केर आहे. तो कण न् कण उचलला पाहिजे. पान हा केर नाही. ते देवाला वाहिलेल्या फुलाइतकेच देवाचे आहे.

सभामंडप वाढवताना झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले जातात. मुळांना हवा मिळत नाही, पाणी मुरत नाही, पान मातीला मिळत नाही. मग त्या वठलेल्या झाडाच्या जागी शोभेची परदेशी झाडे येतात. सामाजिक वनीकरणातून लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचा अनुभव आपल्यासमोर आहे. तिची जाड, चिवट पाने सावकाश कुजतात. अनेक जातींच्या मिश्र पाचोळ्यातून मातीला जे मिळते, ते एकाच जातीच्या लागवडीतून मिळत नाही. मूर्तीला सोन्याचा मुकुट चढवायचा आणि तिचे हिरवे वस्त्र उतरवायचे, ही उपासना नव्हे.

कार्यकर्त्यांसाठी पाच कामे

बंधू-भगिनींनो, केवळ खंत व्यक्त करून थांबणे हा आपला स्वभाव नाही. म्हणून पाच गोष्टी सुचवतो.

पहिली : आपल्या गावच्या देवस्थान समितीशी, गुरवांशी आणि मानकऱ्यांशी बोला. मंदिराच्या अंगणाची सीमा ठरवून घ्या. त्या सीमेच्या आत झाडलोट. पलीकडे पान उचलायचे नाही आणि जाळायचे तर नाहीच. अंगणातील पानेसुद्धा झाडून पुन्हा राईतच पसरावीत.

दुसरी : वणवा राईच्या बाहेरच अडवायला हवा. माघ महिन्यात, राईच्या हद्दीबाहेर, गवत कापून जाळपट्टा तयार करा. वणवा विझवण्यासाठी तरुणांचे पथक तयार ठेवा. वनवासी बांधवांना हे तंत्र आपल्याहून चांगले अवगत आहे. त्यांच्याकडून ते शिकावे.

तिसरी : देवराईच्या कडेला जुन्या झाडांच्याच बियांपासून तयार केलेली रोपे लावून एक दाट पट्टा उभा करा. वारा आणि ऊन अडले की आतली ओल टिकते. कडेचे दुखणे कडेवरच बरे करता येते.

चौथी : मुलांना मोजायला शिकवा. एक मीटर लांब-रुंद नायलॉन जाळीचा झोळा राईत बांधा. वर्षभर त्यात पडलेली पाने वाळवून तोला. ८०० ग्रॅम भरली तर हेक्टरी ८ टन झाले. तसेच १० ग्रॅम वाळलेली पाने जाळीच्या पिशवीत भरून काही पिशव्या राईच्या मध्यभागी आणि काही कडेला ठेवा. पावसाळ्यात दरमहा काही पिशव्या उचलून, पाने वाळवून वजन करा. देवराई निरोगी आहे की आजारी, हे आठवी-नववीतील विद्यार्थी स्वतः सांगू शकतील. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

पाचवी : कायद्याचा आधार घ्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. आपली देवराई त्या नोंदवहीत आहे का, ते पाहा. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे गावाने देवराई म्हणून राखलेल्या रानजायफळाच्या दलदली वनाला २०२१ मध्ये जैविक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील देववनांसंबंधी निर्णय देताना, देशभरातील अशा वनांसाठी सर्वंकष धोरण आखावे, अशी शिफारस केंद्र सरकारला केली. वातावरण अनुकूल आहे. गरज आहे ती गावाने पुढे येण्याची.

शेवटी एवढेच सांगतो. संघटनेच्या कामात आपण अनेक ज्येष्ठ पाहिले. आयुष्यभर कष्ट करून ते शांतपणे गेले. त्यांचे नाव कोठल्याही फलकावर नाही; पण त्यांच्या कष्टाचा अंश आपल्या प्रत्येकात उतरला आहे. रानातील पानाची रीत तीच आहे. झाडावर असताना ते ऊन झेलते, गळल्यावर मातीला मिळते आणि पुढच्या पालवीचे अन्न होते. त्या पानाला त्याचे शेवटचे काम करू द्या. येत्या उन्हाळ्यात गावी जाल, देवाला नमस्कार कराल, तेव्हा राईत चार पावले आत शिरा आणि खाली वाकून मूठभर पाचोळा उचला. वरचे पान कोरडे असेल, खालचे ओलसर आणि त्याखाली काळ्या मातीचा सुगंध असेल, तर समजा की देव अजून तेथे नांदतो आहे. तो सुगंध नसेल, तर कामाला लागा.

भारत माता की जय!